पाकोळ्या लांब गेल्या

मरोळच्या गावठाणात फ्रेडा घराच्या ओट्यावर मशीन टाकून ब्लाऊज शिवते. डोक्यावर छपराच्या वाशाला पाकोळ्यांचं घरटं होतं, पिसं आणि काड्या थुंकीने चिकटवून केलेलं. गेल्या सप्टेंबरात त्यात दोन पिल्लं होती.

संध्याकाळी मागच्या नाल्यावर चिलटं, डास ढगासारखे उठायचे. पाकोळ्या त्यातच घिरट्या घालायच्या आणि गळा किड्यांनी भरला की लगेच परत. फ्रेडाची एक बाही लागेपर्यंत पिल्लांना दोनदा घास मिळायचा.

मग तिच्या नवऱ्याला, व्हर्ननला, डेंग्यू झाला. प्लेटलेट एकदम उतरल्या, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. गल्लीतली आणखी माणसं तापाने आडवी झाली. शेजारच्या माधुरीने धूरवाल्यांना बोलावलं.

"तुझ्या मागच्या बाजूला पण मारायला सांगू ना गं?"

"सांग," फ्रेडा म्हणाली. "नाल्यावर नीट मारू दे."

दुसऱ्या दिवशी नाल्यावर काहीच उडत नव्हतं. पाकोळ्या थोड्या फिरल्या, मग उंच गेल्या, पार ठिपक्याएवढ्या. तिथेही भागेना तेव्हा आरेच्या झाडीकडे निघून गेल्या. आता त्या परतेपर्यंत फ्रेडाचा अख्खा ब्लाऊज होई, आणि त्यांचा गळा अर्धाच फुगलेला असे. पिल्लं आधी खूप ओरडली. मग कमी.

एक खाली पडलं. फ्रेडाने उकडलेल्या अंड्याचा कण चोचीशी धरला. पिल्लू तोंडच उघडेना. तिने नखाने हळूच चोच उघडून कण आत सारला, तो बाहेर आला. सकाळी ते गार होतं. तिने जास्वंदीखाली पुरलं.

व्हर्नन घरी आला, पण भिंतीला धरून चालत होता. त्याच दिवशी धूरवाले पुन्हा आले. फ्रेडा दारात उभी राहिली.

"दादा, आज जरा..."

"काय मावशी?"

आत व्हर्नन पाणी मागत होता. आवाज इतका बारीक की तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"काही नाही. मार तू."

धूर ओट्यावर आला तसं तिने दार लावून घेतलं. व्हर्ननने विचारलं, "वरचं पिल्लू आहे का गं अजून?"

"आहे."

ते होतं खरं, पण ओरडत नव्हतं. दोन दिवसांनी घरट्याच्या काठावर नुसती शेपटी दिसली, हलत नसलेली. नर-मादी तरीही अंधार पडताना येत, काठाला बिलगून बसत. फ्रेडा मशीन बंद करून आत जाई, व्हर्ननची पेज गरम करायला.