ओटा म्होरं घे, मिस्त्री!

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. आमच्या घरातले तर अजून थांबले नाहीत!

गोष्ट नव्वद सालानंतरची. नरसीच्या अलीकडं आमचं गाव. थोरल्या लेकीला पहिला पोरगा झाला आणि बारसं आमच्या दारात ठरलं. लेकीचं सासर साखऱ्याचं. तिच्या लग्नात व्याह्यांच्या माणसांना पंगतीला जागा पुरली नव्हती. काही जण गोठ्यापाशी बसून जेवले आणि आमच्या म्हशीनं एकाच्या पत्रावळीत तोंड घातलं. तेव्हापासून व्याही कुठंही भेटले की विचारणार, "काय व्याही, म्हैस बरी हाय ना? आमच्यासंगं जेवली व्हती म्हणून इचारलं."

लेक रडकुंडीला आली. "बाबा, आता तरी माझ्या सासरची माणसं नीट बसून जेवली पायजेत. न्हाईतर जन्मभर मला ऐकावं लागंल."

म्हणून ठरवलं, घरापुढचा टीचभर ओटा वाढवून रस्त्यापर्यंत न्यायचा. लाल सिमेंटचा, गुळगुळीत. दर्शनी बाजूला सिमेंटचं कमळ. व्याह्यांनी बघतच राहावं!

पण मिस्त्री कोण येणार? गावातल्या मिस्त्र्याला मी मागं सांगितलं होतं, "तुझ्या लेव्हलमधला बुडबुडा म्हातारा झाला गड्या, म्हणून भिंती वाकड्या येऊन राहिल्या. हिंगोलीत नवा मिळतो." तो बिचारा दुकानोदुकान बुडबुडा मागत हिंडला! परत आला तो शपथ घेऊनच, की या घराला थापी लावणार नाही.

शेवटी कळमनुरीच्या बाजारात हमीद मिस्त्री गाठला. आंध्राकडचा, नुकताच इकडं आलेला. कमळं, जाळ्या, कळस सगळं साच्यात ओतायचा. हात सोन्याचा. मराठी मात्र पाहुण्यासारखी. आली तर आली.

घरी आणून त्याला ओटा दाखवला.

"बोलो मालिक, इसपे क्या होना?"

"कमळ. आन म्होरं. म्होरं पायजे आमाला."

"मोर?"

"व्हय, म्होरं!"

"कमल और मोर. अच्छा."

दोघंही खूश. त्यानं जुना ओटा लाल सिमेंटनं घोटून दिला, कमळ बसवलं, आणि बाकीचा माल साच्यात ओतून आणतो म्हणून गेला. मला वाटलं, फरश्या ओतत असंल.

पुढच्या बाजारी भेटला. मी विचारलं, "किती झालं, मिस्त्री?"

"दो हो गए."

"दोन? दोनानं काय व्हतंय! अजून म्होरं!"

"और मोर?"

"थेट रस्त्यापर्यंत म्होरं!"

त्यानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. "लोगां को बैठने की तकलीफ होगी, मालिक."

"तकलीफ कशाची? म्होरं असल्याबिगर पंगत बसंल का?"

तो हळूच म्हणाला, "आपके में ऐसा रिवाज है क्या?"

"रिवाजच समज!"

बारशाच्या आदल्या दिवशी मी आणि आमची मंडळी हिंगोलीला खरेदीला गेलो. घरात लेक होती, पण बाळापाशी. "तुम्हारे बाबाच बोले," असं मिस्त्री म्हणाल्यावर ती कशाला मधे पडती? बाप कसा आहे, तिला ठाऊक!

दिवेलागणीला परतलो, तर ओट्यावर ही दाटी! मी बायकोला म्हणलं, "अगं, व्याही आजच आले की!"

पिशव्या खाली ठेवल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडून पुढं झालो. "या या, राम राम! लई येळ झाला का येऊन?"

कुणी बोलेना. म्हणलं, म्हशीचा राग अजून गेला नाही. आणखी वाकून जवळ गेलो. पुढच्या पाव्हण्याला चोच होती!

मागून बायको म्हणाली, "पाव्हण्यायला पाय धुवायला पाणी देऊ का?"

इतक्यात मिस्त्री हात पुसत आला. "पक्के बिठाया, मालिक. बैल बांधो तो भी नहीं हिलते."

"अरे बाबा, मी म्होरं म्हणलो व्हतो! म्होरं! फुडं! आगे!"

"तो आगे बोलना था ना! मैं हर बार पूछा, मोर? आप बोले, व्हय."

बराबर होतं त्याचं. ओटा तेवढाच राहिला होता, आणि त्याच्यावर तुरे वर करून सिमेंटची पंगत आधीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी साखऱ्याची माणसं आली. एकेका मोराच्या बगलेत एकेक पाव्हणा अंग चोरून बसला. कुणी चोचीला पिशवी अडकवली, कुणी तुऱ्यावर फेटा ठेवला. व्याह्यांनी सगळीकडं नजर फिरवली.

"व्याही, हे काय हो?"

दारात लेक बाळाला घेऊन उभी. डोळे भरायच्या बेतात. माझी जीभ मात्र अशा वेळी घसरत नाही. पटकन बोलून गेलो, "नातवाचं नाव मयूर ठेवावं, अशी लई इच्छा व्हती. म्हणून केले!"

व्याही उपरण्यानं डोळे पुसायला लागले! "नातवासाठी? एवढे? एवढा मान आमच्या घराण्यात कुणी केला न्हाई, व्याही." पाळण्यात आत्यानं बाळाच्या कानात 'मयूर' म्हणलं. लेक हसली. माझा जीव भांड्यात पडला.

पण बुंदीचा घास घेता घेता व्याही म्हणाले, "दुसरा नातू झाला तर गजानन ठिवू. तवा काय करता?"

पंगतीच्या टोकाला जेवत बसलेल्या हमीद मिस्त्रीनं मान वर केली. "गजानन बोले तो हाथी ना? कित्ते, मालिक?"

आता तोंड उघडायची सोय होती का? एका शब्दानं ओटा भरला होता, दुसऱ्यानं गाव भरलं असतं. म्हणून गप बसून नुसती मुंडी आडवी हलवली. नाही, नाही, नाही.

मिस्त्री खूश! पत्रावळ तशीच टाकून अंगण मापायला उठला. त्याच्या मुलखात मुंडी आडवी डुलवली की 'हो' म्हणतात, हे मला मेल्याला काय ठाऊक!