हळदकुंकू लावलेले पेडल

प्रस्तुत लेखिकेची आणि शमिका घवाळी हिची ओळख प्रौढ साक्षरता वर्गात झाली. हातखंब्याच्या तिठ्यापासून आत असलेल्या गावातील शाळेत हा वर्ग सायंकाळी पाच वाजता भरत असे. साठी ओलांडलेल्या नऊ स्त्रिया बाकावर बसत आणि सत्तावीस वर्षांची शमिका त्यांना जोडाक्षरे शिकवीत असे. दिवसा ती तिठ्यावरील झेरॉक्सच्या दुकानात काम करी. शिमग्याला महिना उरला असताना एकदा ती फळ्यावर 'क्ष' काढून खडू हातात धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या जिवाला कसला तरी घोर लागला आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. तो घोर कसला होता हे तिने पुढे स्वतः सांगितले. त्यावरून हे लिहिले आहे.

शिमग्याला सोंगे आणि गाण्यांचा खेळ करणाऱ्या गावच्या नमन मंडळात शमिका कीबोर्ड वाजवीत असे. आधीचे पेटीवाले मुंबईला मुलाकडे राहायला गेले, म्हणून ती जागा तिला मिळाली. वादकांच्या ओळीत मांडी घालून बसलेली ती गावातील पहिलीच स्त्री होती. परंतु पहिल्याच वर्षी तिची फजिती झाली. काळा पोशाख आणि उंच टोपी घातलेला संकासूर नमनात अवतरतो, तेव्हा प्रेक्षकांच्या अंगावर काटा यावा अशी अपेक्षा असते. शमिकाने कीबोर्डवर सनईचा आवाज लावला, तो इतका कोरडा निघाला की मागच्या रांगेतून कोणीतरी सायकलचा भोंगा म्हणून ओरडले. मंडळाचे प्रमुख आणि मृदंगवादक राजाभाऊ यांनी तिला शांतपणे बजावले की, पुढच्या शिमग्यालाही असेच झाले तर सनई मोबाईलवरून लावली जाईल, आणि मोबाईलला वादक लागत नाही.

तेव्हापासून तिची झोप उडाली. ठाण्याला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा तिचा मामेभाऊ ऋत्विक याने आपले एक जुने पेडल तिला पाठवले. मुठीएवढी लोखंडी पेटी, वर तीन खुंट्या आणि पायाने दाबायचे एक बटण. बटण एकदा दाबले की पुन्हा दाबेपर्यंत प्रत्येक सुरामागून त्याचाच पडसाद येई, जणू खाडीच्या पलीकडून कोणी साद परतवत आहे.

पण ती वस्तू गिटारसाठी केलेली. गिटारचा आवाज तारेतून हलक्या पावलांनी येतो, कीबोर्डचा मात्र धावत येतो. पहिल्या तालमीला तो असा फाटला की राजाभाऊंनी मृदंगावरचे हात उचलले.

"पोरी, त्या डब्यात उद्या भाजी भरून आण," ते म्हणाले. "निदान जेवायच्या तरी कामाला येईल."

सगळे हसले. शमिकाही हसली, आणि घरी पोचताच तिने ऋत्विकला गाठले. ऋत्विकने फोनवर समजावले की कीबोर्डचा आवाज एक तृतीयांशावर ठेवावा आणि उरलेला ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरवर चढवावा. तसेच कीबोर्डचा अडॅप्टर पेडलला चुकूनही जोडू नये, दोन्हींच्या पिनेची धन-ऋण बाजू उलट असते, पेडल जळेल. तिने चौकोनी बॅटरी आणली. मधली खुंटी जरा जास्त फिरली तर पडसादावर पडसाद चढून किंकाळी फुटते, हेही तिला कळून चुकले. म्हणून योग्य जागी तिने नखांना लावायच्या रंगाचे ठिपके दिले. तीन आठवड्यांनी सूर जागेवर आला. तरी घरातून निघताना ती बॅटरी दोनदा तपासत असे.

नमनाचा दिवस उजाडला. दिवेलागणीला, खेळ सुरू होण्यापूर्वी, नेहमीप्रमाणे वाद्यपूजन झाले. पूजेचा मान गावातील ज्येष्ठ कुसुमकाकींचा. त्यांनी मृदंगाला हळदकुंकू वाहिले, टाळांना वाहिले, कीबोर्डला वाहिले, आणि सतरंजीवरच्या पेडलपाशी त्यांचा हात थांबला.

"हेही वाद्यच काय गो, बाय?"

राजाभाऊ शेजारीच मृदंगाला कणीक लावत बसले होते. नाही म्हटले तर पुन्हा भाजीचा डबा निघेल, या भीतीने शमिका पटकन हो म्हणाली. काकींनी पेडलवर हळदकुंकू वाहिले, वर अबोलीचे फूल ठेवले आणि हात जोडले. शमिकानेही हात जोडून डोके टेकवले, आणि टेकवतानाच तिला आपली चूक कळली. ज्याला आता नमस्कार केला, त्यावर तिला सगळ्या गावासमोर पाय द्यायचा होता.

खेळाच्या आरंभीच्या गणाला वीस मिनिटे उरली होती. तिने पेडल उचलून स्टुलावर ठेवले आणि हाताने दाबून पाहिले. डावा हात खालचा आधारसूर धरून होता, उजवा सनई वाजवीत होता. जो हात सोडावा तो सूर तुटत होता. पेडल वगळावे तर गेल्या वर्षीचाच भोंगा आणि मग मोबाईल. पाय द्यावा तर हे लोक तिला पुन्हा वाद्याजवळ बसू देणार नाहीत, आणि खरे तर तिचा स्वतःचाही पाय उचलणार नव्हता. राजाभाऊंनी एकवार स्टुलाकडे, एकवार तिच्याकडे पाहिले.

"काय गो, हात दोनच काय तुला?" ते म्हणाले. परंतु या वेळी कोणी हसले नाही.

पुढे काय झाले ते गावाला ठाऊक आहे. त्या वर्षी संकासूर आला तेव्हा पोरे आयांच्या पदराआड लपली, आणि मोबाईलची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. परंतु त्या वीस मिनिटांत शमिकाला यातले काहीच माहीत नव्हते. कुसुमकाकी पूजेचे तबक उचलून प्रेक्षकांत बसायला निघाल्या होत्या. ती त्यांच्यामागे दोन पावले गेली आणि म्हणाली,

"काकी, माझ्याजवळ बसाल? संकासूर येताना मी मान हलवीन, तेव्हा हे बटण तुमच्या हाताने एकदा दाबा, आणि तो परत गेला की पुन्हा एकदा दाबा."