मागचा सड

काल मुलीच्या मुरगळलेल्या पायाला हळद-चुना लावताना त्या वासाने मला आमच्या गाईची सुजलेली कास आठवली. तेव्हा सकाळची धार सासूबाई काढायच्या आणि संध्याकाळची मी. एका संध्याकाळी मागच्या सडातून दुधाबरोबर पांढऱ्या गाठी आल्या. सांगितलं तर वडगावहून डॉक्टर येतील, परक्या माणसापुढे कास, सड असं मला बोलावं लागेल, म्हणून त्या सडाचं दूध मी गोठ्यामागे ओतलं आणि गप्प राहिले. तीन दिवसांत कास दगडासारखी घट्ट झाली. सासूबाईंनी हळद-चुना लावला तशी गाय थरथरली. शेवटी डॉक्टर आले. कास चाचपून म्हणाले, "आजी, जंतूंवर अंगातल्याच पांढऱ्या पेशी तुटून पडतात. पण लढाई लांबली की त्यांच्याच माऱ्यात दूध तयार करणारा भागही मरतो. हा सड गेला. दुधात गाठी आधी दिसल्या नाहीत कुणाला?" मी खांबाआड उभी होते. सासूबाई म्हणाल्या, "सकाळी अंधारात म्याच पिळते. माजं डोळं गेलं, दुसरं काय!" तरीही मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चरवी माझ्या हातात दिली आणि पुन्हा कधी धारेला बसल्या नाहीत. आता सकाळी त्या दारात बसून नुसता धारेचा आवाज ऐकतात. काल हात धुऊन मी त्यांच्याजवळ गेले. "पाय लय सुजलाय का गं?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले, आणि पुढचं याही वेळी तोंडातच राहिलं.