गॅलीतला गरम डबा

विमानाच्या शेपटाकडे, पडद्याआड, एवढीशी जागा असते. तिला गॅली म्हणतात. तिथं चहाचे थर्मास, ट्रे ठेवायचे खण आणि खाली कचऱ्याचा डबा. अरुंद, पत्र्याचा, वर आत ढकललं जाणारं झाकण. विमान कोल्हापूरला उतरलं की भरलेला डबा खाली यायचा, धुतलेला रिकामा डबा वर जायचा, आणि मग कागदावर 'गॅली ठीक' या ओळीपुढं मी सही करायची.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. उजळाईवाडीच्या माळावर आठवड्यातून तीनदा मुंबईचं पंख्याचं विमान यायचं आणि थोड्या वेळात परत जायचं. धावपट्टीला दिवे नव्हते. दिवस मावळायच्या आत विमान उडालं नाही, तर ते सकाळपर्यंत इथंच.

विमान कंपनीतली ती नोकरी मला इंग्रजीमुळं मिळाली होती. कॉन्व्हेंटात शिकलेली, उच्चार स्वच्छ, पण आवाज असा की समोरच्यानं "काय?" म्हणून कान पुढं करावा. सहा महिने काम बघून मग कायम करणार होते. पाचवा महिना चालू होता. साहेबांनी बजावलं होतं, "तुमच्यामुळं विमान एकदा जरी रखडलं, तर कायम व्हायचं विसरा."

डबे काढायचं काम मामूंचं. साठीला आलेले, आधी शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. लहानथोर सगळे त्यांना मामूच म्हणायचे. डबा ओढण्याआधी ते दर वेळी हाताची पालथी बाजू पत्र्याला लावायचे, पोराचा ताप बघावा तशी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तळहात निबर झालाय, ताई. त्यो खोटं बोलतो."

त्या दिवशी विमान उशिरा आलं. पंखे थांबताच कॅप्टननं खिडकीतून सांगितलं, "डबा राहू दे आज. मुंबईत काढतील. दहा मिनिटांत दारं बंद."

प्रवासी घाईनं चढले. शेवटच्या रांगेत एक वडील आणि त्यांचा मुलगा होते. वडिलांच्या डोळ्यांवर हिरवी पट्टी; दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत ऑपरेशन. "आजच पोचाय पायजे, बाई," असं मुलानं तिकीट दाखवताना मला तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदाच विमानात बसत होते दोघं.

कागद घेऊन मी मागच्या शिडीनं चढले. पडद्याच्या फटीतून तो मुलगा दिसला. पाठमोरा, गॅलीत उभा, हातात पेटती सिगरेट. विमान जमिनीवर असताना ओढायची नसते, हे त्याला कोण सांगणार? एवढ्यात वडिलांची हाक आली.

"कुठं गेलास रं?"

ते चाचपडत उठले. मुलगा तिशीचा बाप्या, पण वडिलांपुढं सिगरेट म्हणजे मेल्याहून मेलं. डोळ्यांवरच्या पट्टीचंही त्याला भान राहिलं नसावं. त्याचा हात झटकन डब्याच्या झाकणातून आत गेला आणि रिकामा बाहेर आला.

"हितंच हाय की, आबा. पाणी बघत हुतो."

विझवली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मला तसंच म्हणायचं होतं. सही केली आणि खाली उतरले.

शिडीच्या पायथ्याशी मामू रिकामा डबा घेऊन उभे होते.

"आज नको म्हणालेत," मी म्हटलं. मग पाय हलेनात. "मामू, मला वाटतं त्यात सिगरेट पडलीय."

"काय?"

"सिगरेट. पेटती."

"वाटतंय, का बघितलंसा?"

"बघितलंय."

"मग पुटपुटताय काय, ताई! चला वर. आन झाकण कुणाला उघडू दिऊ नका. वारं लागलं की भडकतंय."

आम्ही वर गेलो. मामूंनी पालथा हात डब्याला लावला आणि लगेच मागं घेतला.

हवाई सुंदरी वैतागली. "अहो, चहाचा चोथा आहे तो. उकळता ओतलाय मघाशी."

"चोथ्यानं बूड तापतं, ताई. ह्यो वरनं तापलाय." मामू खाली वाकून डब्याची कडी सोडवू लागले. कडी अडकली होती.

"थांबा, दाखवतेच तुम्हाला," म्हणत तिनं झाकणाकडं हात नेला.

"उघडू नका!"

आवाज माझाच होता. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कॅप्टन तरातरा मागं आला.

"काय चाललंय? सहा मिनिटं राहिलीत."

"डब्यात पेटती सिगरेट आहे. मी टाकताना पाहिली."

त्यानं माझ्या हातातला कागद घेतला. "पाहिलीत? मग ही सही कशी?"

त्यानं सहीवर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"कुणी टाकली?"

मुलगा चार हातांवर उभा होता. चेहरा पांढराफटक. वडील आवाजाच्या दिशेनं मान वळवत विचारत होते, "काय झालं रं? इमान जाणार न्हवं?" नाव सांगितलं असतं तर दोघांनाही खाली उतरवलं असतं.

"पाठमोरा माणूस दिसला," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

कडी सुटली. डबा मामूंना एकट्याला आवरेना. मुलगा पुढं झाला आणि त्यानं हाताला रुमाल गुंडाळला.

"कुठं निघालास?" वडिलांनी विचारलं.

"डबा जड हाय, आबा. हात लावतो."

दोघांनी डबा शिडीवरून उतरवला. पलीकडं इंधनाची पिंपं उभी होती. "तिकडनं न्हाय! गवताकडं, पावणं, गवताकडं!" मामू ओरडत होते. मी वाळूची बादली घेऊन मागून धावले. विमानापासून बरंच लांब गेल्यावर मामूंनी डबा टेकवला आणि काठीनं झाकण दाबलं. आधी काळा धूर आला. मग कमरेएवढा जाळ वर उसळला, कागदी रुमालांचा. मी वाळू ओतली. सगळी.

मुलगा जाळाकडं बघतच राहिला. "ह्ये वर झालं असतं तर..." तो म्हणाला.

"पळा आता," मी म्हटलं. "आबा वाट बघतायत."

माळावर शेवटचं ऊन होतं तेव्हा विमान उडालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी इंग्रजीत लिहिला: सिगरेट पाहिली, तरी सही केली, चूक माझी. प्रवाशाचं नाव विचारलं होतं, ती जागा मोकळी सोडली.

"नाव लिवलंसा?" मामूंनी विचारलं.

"नाही."

"आन सहीचं?"

"ते लिहिलं."

मामूंनी मान हलवली आणि काळा पडलेला डबा पुन्हा घासायला घेतला.

मला कायम केलं नाही, काढलंही नाही. आणखी सहा महिने बघू म्हणाले. पुढच्या खेपेला विमान आलं, तेव्हा मी आधी गॅलीत गेले, पेन डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पालथा करून पत्र्याला लावला.

"काय म्हनतोय?" खालून मामूंनी विचारलं.

"थंड आहे."

"ऐकू आलं न्हाय."

मी शिडीच्या तोंडाशी आले आणि पुन्हा सांगितलं, साहेबांच्या खोलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.