पिसूसर आणि गिरणेचं नाव

पिसूसरांच्या बोटांना बारा महिने स्पिरिटचा वास यायचा. जळगावच्या कॉलेजात बसून हा माणूस समुद्रातल्या तांदळाएवढ्या प्राण्यांचा अभ्यास करायचा. कोळंबीचे हे दूरचे भाऊबंद, दोन्ही बाजूंनी चपटे, शेवाळात टणाटण उड्या मारणारे. म्हणून पोरांनी प्राण्यांना पिसवा म्हटलं आणि सरांना पिसूसर. सरांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांची बहीण मालवणला दिलेली. दरवर्षी ती बरणीभर शेवाळ स्पिरिटात घालून पाठवायची. तुरीच्या काडीत शिवणाची सुई खोचून सर त्यातल्या पिसवांचे पाय नि जबडे सुटे करायचे. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होते, रोज असोद्याहून यायची. मला म्हणायचे, "ताई, आधी पाय मोजा, मग बोला." स्टाफरूममध्ये कुणाची निंदा सुरू झाली तरी हेच वाक्य.

एका दुर्मीळ कुळावर त्यांनी सहा वर्षं घालवली होती. त्या कुळात सगळ्यांच्या जबड्यावर तीन पेरांचा बारीक स्पर्शक असतो. सरांच्या नमुन्यांना तो नव्हताच. म्हणजे प्रकार नवा. सर गिरणा नदीकाठच्या भडगावचे, म्हणून त्यांनी त्याला गिरणेचं नाव ठरवलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, लेख टाइप होऊन पाकिटात पडला होता. फक्त एक आकृती नीट काढायची राहिली होती. ती त्यांनी माझ्याकडे दिली.

मी त्या वर्षीच्या ताज्या बरणीतला नमुना घेतला. जबड्यावर स्पर्शक होता. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. दोन दिवस मी पुन्हा पुन्हा तपासलं, तिसऱ्या दिवशी सरांना सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं.

सर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या आधीच्या नमुन्यांची जुनी बाटली उजेडात धरली. एका मे महिन्याच्या सुट्टीत तिच्यातलं स्पिरिट उडून गेलं होतं, आणि आल्यावर त्यांनीच ती पुन्हा भरली होती. वाळलेले स्पर्शक तेव्हाच गळाले असणार.

"हाई जात समुद्रनी नही," ते हळूच अहिराणीत म्हणाले, "आपला जळगावना उननी शे." आणि हसले. मला मात्र रडू आलं.

"बरं झालं ताई, पोस्टात टाकण्याआधी पाय मोजलेत," ते म्हणाले. त्यांनी लेख नव्याने लिहिला: जुनीच जात, पण त्यांच्या माहितीप्रमाणे आपल्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच सापडलेली. तो छापून आला, आणि त्यांच्या नावाशेजारी माझं नाव होतं. मी नको म्हटलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती सुई आणि जुनी बाटली माझ्या हवाली केली. सर आता नाहीत. बाटलीच्या चिठ्ठीवर गिरणेचं नाव एका सरळ रेघेनं खोडलेलं आहे, पण स्पष्ट वाचता येतं. दर एप्रिलात, सुट्टी लागायच्या आधी, मी तिच्यात स्पिरिट भरते.