लाल न होणारा पत्रा

कुठं गॅस वेल्डिंग चालू असलं की जळालेल्या पेंटच्या वासानं मला पुनावळ्यातली ती शेड आठवते. शेजारचे भाऊ जन्मभर कंपनीत पत्रेकाम करून रिटायर झाले आणि त्यांनी भंगारातून एक जुनी इटालियन गाडी आणली, दोन दारांची, लांब नाकाची, लांबच्या प्रवासासाठीच बांधलेली. तिच्याच कंपनीच्या नावाजलेल्या बहिणींचे फोटो लोक भिंतीवर लावतात आणि हिला कुणी विचारत नाही, याचा भाऊंना राग होता. "दिवसभर चालवा, माणूस दमत न्हाई. बॉनेट बघा राव, किती हलकं," असं ते येईल त्याला सांगत. वहिनींना घेऊन तिच्यातून गोव्याला जायचं ठरलं होतं. खपून खपून इंजिन सुरू झालं, उरली फक्त बॉनेटवरची एक चीर. त्या रविवारी भाऊंनी वेल्डिंगची टॉर्च पेटवली आणि लोखंडाच्या सवयीनं पत्रा लाल व्हायची वाट पाहत राहिले. पण बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, आणि ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही. ते रंग न बदलताच मधोमध खचलं आणि जमिनीवर ओघळलं. भाऊ पेटती टॉर्च तशीच धरून उभे. "लाल झालंच न्हाई ओ," ते म्हणाले. वहिनींनी पुढं होऊन सिलिंडरची चावी बंद केली. भाऊंनी पुन्हा शेडचं कुलूप काढलं नाही. गाडी आली तशी भंगारात गेली. परवा आकुर्डीच्या मंडईत दोघं भेटले. मी सहज गाडीचा विषय काढला. भाऊंनी हातातली पिशवी वहिनींकडं दिली आणि मला विचारलं, "कुठली गाडी?"