गाळणीतली हवा

मागच्या सोयाबीनच्या हंगामात मी चार महिन्यांपासून घरी होतो आणि गावाला वाटत होतं, जहाजावरच्या लोकांना अशीच लांब सुट्टी असते. तसं मीच सांगितलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं ते वेगळंच होतं. जहाजावर मी चौथा इंजिनिअर. आमच्या इंजिनाचं तेल डांबरासारखं काळं. ते तापवून, गाळून मगच आत सोडतात. गाळण्या दोन, शेजारी शेजारी. एक चालू असताना दुसरी साफ करायची आणि कॉक फिरवायचा. पण त्याआधी साफ केलेली गाळणी तेलानं हळूहळू भरून आतली हवा काढायची. हे मला शिकवलं होतं, भिंतीवर लिहिलेलंही होतं. एका सकाळी घाईत मी हवा न काढताच कॉक फिरवला. तेलाऐवजी हवा आत गेली आणि तीन मजली इंजिन बंद पडलं. भर समुद्रात जहाज अर्धा तास नुसतं डोलत राहिलं. मुख्य इंजिनिअरनी शेरा लिहिला आणि कंपनीनं मला पुन्हा बोलावलं नाही.

इकडे बाबा कामरगावच्या स्टँडवर चहा पिता पिता माझ्या जहाजाची लांबी सांगायचे. दर वेळी ती थोडी वाढायची. मला ऐकवत नसे.

मळणीच्या दिवशी आमचा ट्रॅक्टर थांबला. डिझेल फिल्टर चोंदला होता. बाबा म्हणाले, "तूच बदल. तुह्या हातचं काम हाये." मी नवा फिल्टर बसवला, आतली हवा निघावी म्हणून वरचा बोल्ट सैल केला आणि फिल्टरजवळचा छोटा हातपंप मारत बसलो. बुडबुडे थांबले तरी मारतच होतो.

"आता कायले मारून राह्यला? निंगाली हवा."

मी थांबलो नाही. पंप मारता मारताच, त्यांच्याकडे न बघता, सगळं बोलून टाकलं.

"कोनी मेलं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"आदळलं कुठी?"

"नाही."

"मंग कस तो बोल्ट. आभाळ येऊन राह्यलं."

संध्याकाळपर्यंत सोयाबीन पोत्यांत भरलं. बाबांनी विषय काढला नाही. आता हा माणूस स्टँडवर जायचंच सोडणार, असं मला वाटलं. नोकरी गेल्यापेक्षा त्यांना मान खाली घालायला लावली हेच मला जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी तेच मला स्टँडवर घेऊन गेले. चहावाल्यानं विचारलं, "पोरगं कधी जाते जहाजावर?"

मी जमिनीकडे पाहू लागलो. बाबांनी कप खाली ठेवला.

"नाई बोलावत आता त्याले. चूक झाली त्याच्याच्यानं." मग सगळ्या बाकावर नजर फिरवून म्हणाले, "तुमच्या पोरांनी ट्रॅक्टर बंद पाडले असन. यानं अख्खं जहाज बंद पाडलं. एकट्यानं!"

सगळे खो खो हसले. बाबांनी सरकून मला जागा केली.

"बस. सांग या लोकायले कसं पाडलं ते. मी सांगतलं तं पटत नाई."

मी बसलो आणि सांगितलं.